बॉयलर नंबर तीन आणि शिकाऊ इंजिनीअरबाई

...आणि वर साहेब लोक म्हणणार, की विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळाला पाहिजे. अहो, कसला अनुभव? तुम्हाला सांगतो, आमच्या लुहानला पहिले तीन आठवडे अनुभव मिळाला तो पाणी तापवण्याचा, आणि तेही बॉयलरमधलं नव्हे, किटलीतलं. मातेसाठी, म्हणजे आमच्याकडचा तो कडू पानांचा चहा, वाळक्या भोपळ्यात भरून नळीने ओढायचा. सकाळची पाळी असली की सकाळी, दुपारची असली की दुपारी, ही आपली किटली ठेवतेय, पानं भरतेय, नळी खोचतेय आणि भोपळा एकेकाच्या हातात देतेय. पाच वर्षं यंत्रांचं शिकून.

ही लुहान आब्रेगू म्हणजे आमच्या गल्लीत कपडे शिवते त्या ग्रिसेल्दाची मुलगी. तुकुमानला विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. तिथला नियम असा, की कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिल्याचा दाखला आणल्याशिवाय पदवी द्यायची नाही. मग पोरीने जायचं कुठे? आमच्या गावात कारखाना एकच, साखरेचा. ऑगस्ट महिना, गाळप जोरात, फड पेटवलेले, दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर काळी राख येऊन बसतेय, आणि ग्रिसेल्दा प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्याचं माप घेता घेता सांगतेय, की माझी मुलगी बॉयलर चालवते... चालवते म्हणे.

पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका. कर्मचारी कचेरीत मिर्ता बसते. तिने हेल्मेट दिलं, बूट दिले, म्हणाली, "लुहान बाळा, बूट दोन नंबर मोठे आहेत, मोजे दोन-दोन घाल. इथे सही कर. आणि एक ध्यानात ठेव, तुझा विमा फक्त बघण्याचा आहे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." तिथून गेली बुस्तामान्ते साहेबांकडे. वाफेचा सगळा विभाग यांच्या हाताखाली. यांनी फोनमधून मान वर न करता सांगितलं, "हं, हं, स्वागत आहे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." तिथून आली तीन नंबरच्या बॉयलरवर, अन्सेल्मोकडे. अन्सेल्मो माझा मेहुणा, बहिणीचा नवरा, म्हणून तर मला हे सगळं आतलं ठाऊक. एकतीस वर्षं तो त्याच बॉयलरवर आहे. त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बुटांवर जरा जास्त वेळ थांबला, आणि म्हणाला, "इंजिनीअरबाई, इथे कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. ही किटली तेवढी तुमची."

आता मला सांगा, ज्या माणसाला नुसतं बघायलाच ठेवलंय, तो काय करणार? बघणार. लुहान बघत बसली. एक वही आणली आणि संगणकाच्या पडद्यावरचे आकडे दर दहा मिनिटांनी लिहायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचणार नव्हतं. वाफेचा दाब, चिमणीचं तापमान, आणि ड्रममधलं पाणी. हा ड्रम म्हणजे पार वर, चार मजल्यांच्या उंचीवर, आडवा पडलेला लोखंडी रांजण समजा. खाली उसाचं चिपाड भडाभडा जळतंय, मधे नळ्यांचं जाळं, आणि वर हे पाणी. ते निम्म्याच्या आसपास हवं. ते संपलं की नळ्या कोरड्या पडतात, लाल होतात, आणि अशा लाल नळ्यांत कोणी पाणी सोडलं... तर मग बॉयलर राहत नाही, बॉयलरवाले राहत नाहीत. ग्रिसेल्दाचं शिवणयंत्र तिथून चारशे मीटरवर आहे. माझं घर तीनशे.

"मग पाणी कमी झालं की आग आपोआप बंद करायची काही सोय नाही का?" असं तुम्ही विचाराल. आहे की. होती. पण आदल्या आठवड्यात ती सोय तीन वेळा उगाचच चालली, तीन वेळा कारखाना थांबला, आणि बुस्तामान्ते साहेब म्हणाले, "अन्सेल्मो, तिला तात्पुरती बाजूला कर." अन्सेल्मोने पेटीत वीतभर तार जोडली आणि ती बाजूला केली. तात्पुरती.

तर तो गुरुवार. दुपारची पाळी, चारचा सुमार, अख्खं गाव झोपलेलं. लुहानने वहीत लिहिलं, पाणी बावन्न टक्के. दहा मिनिटांनी लिहिलं, बावन्न. पुन्हा दहा मिनिटांनी, बावन्न. तिने मागची पानं चाळली. तीन आठवड्यांत हा आकडा कधी एका जागी बसला नव्हता... एकोणपन्नास, त्रेपन्न, पन्नास, सारखा नाचायचा.

"काका, हा आकडा हलत का नाही?"

"हलत नाही म्हणजे चांगलंच आहे की. हलला की मला उठावं लागतं."

"पण आधी हलायचा."

"इंजिनीअरबाई," अन्सेल्मो म्हणाला, "माझं लग्न झाल्यापासून मी एक शिकलोय, शांत आहे तर का म्हणून विचारायचं नाही." माझ्या बहिणीविषयी बोलतोय, बरं का. माझ्यासमोर परत सांगताना हे वाक्य गाळलं होतं त्याने, लुहानने सांगितलं मला.

तेवढ्यात खालचा एक गडी ओरडत दारात आला. चिपाड उतरतं ती घसरगुंडी तुंबली. गडी बांबू घेऊन धावले, मागोमाग अन्सेल्मो उठला. जाता जाता दारातून बोट दाखवून म्हणाला, "मी आलोच. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं."

झालं. खोलीत ती एकटी. बावन्न. बावन्न. बावन्न. समोर तो आकडा, कानात भट्टीच्या पंख्यांची घरघर. बिनतारी फोन शिकाऊंना देत नाहीत. हाका मारल्या तर दाराबाहेर त्या स्वतःला सुद्धा ऐकू येत नाहीत. मग तिने मनाशी हिशेब केला, की वर जाऊन काच बघणं हे बघण्यातच मोडतं. ड्रमच्या अंगाला एक उभी जाड काच असते, आतलं पाणी किती आहे ते तिच्यात उघड दिसतं. चढली चार मजले, ते मोठाले बूट वाजवत, कठड्याला हात न लावता, कारण कठडा सुद्धा तापलेला.

वर गेली, काच बघितली. स्वच्छ. वरपासून खालपर्यंत एकसारखी, कुठे रेघ नाही. आता इथेच तर मेख आहे, तुम्हाला सांगतो, भरलेली काच आणि रिकामी काच दिसायला एकच. काठोकाठ पाणी असलं तरी अशीच दिसते, थेंब नसला तरी अशीच. यातलं खरं कोणतं, हे नुसतं बघून कळतच नाही. काचेच्या खाली एक छोटी तोटी असते, ती उघडायची. पाणी आलं तर भरलेली. नुसती वाफ आली तर...

म्हणजे हात लावायचा.

ती तिथे किती वेळ उभी होती, हे तिलाही सांगता येत नाही. म्हणते, डोळ्यांपुढे मिर्ता आली, सही आली, बुस्तामान्ते साहेब आले, पदवी गेली. आई गिऱ्हाइकांना काय सांगेल, तेही आलं. मग तिने खिशातला हातमोजा चढवला आणि तोटी फिरवली.

वाफ. किंचाळत आलेली कोरडी वाफ, थेंब नाही. तिने तोटी बंद केली, काचेत पाणी चढतं का बघितलं, मनात वीस मोजले. नाही चढलं. पाणी काचेच्याही खाली गेलेलं, आणि खाली आग तशीच भडकलेली.

उतरताना तिसऱ्या मजल्यावर एक बूट निसटला, जिन्याच्या जाळीत अडकला. तिने वळून बघितलं नाही. एक पाय बुटात, एक दोन मोज्यांत, अशी ती धडधडत खाली आली. बघते तर अन्सेल्मो परत आलेला, खुर्चीत बसून माते ओढतोय.

"काका, काचेत पाणी नाही."

त्याने पडद्याकडे बघितलं. "बावन्न आहे की."

"आकडा अडकलाय. काचेत पाणी नाही."

"काच भरलेली असेल. नव्या माणसाला तसंच वाटतं."

"तोटी उघडून बघितली. नुसती वाफ आली."

"हात लावलात तुम्ही?"

"लावला."

अन्सेल्मोचा चेहरा उतरला, पण नियम मोडला म्हणून नव्हे. तो उठला तो थेट पाण्याच्या व्हॉल्व्हकडे गेला आणि चाकावर हात ठेवला. एकतीस वर्षं त्या हाताला एकच सवय, पाणी कमी दिसलं की पाणी सोडायचं. सवयीचा हात तो, डोक्याला विचारायला थांबत नाही.

"काका, पाणी नको. नळ्या तापल्या असतील. आता पाणी सोडलं तर फुटेल."

"बाजूला व्हा, बाई."

"काका, नको. आधी आग."

चाक थोडं फिरलं... आणि लुहानने बाजूच्या भिंतीवरचं झाकण उघडून लाल बटण दाबलं. पुरा तळहात टेकवून.

चिपाडाचे पट्टे थांबले. पंखे घरघरत घरघरत मंदावले आणि गप्प झाले. मग वाफ कमी पडली तशी पलीकडे ऊस पिळणारे रूळ थांबले, आणि गाळप चालू असताना सहसा न येणारी शांतता आली. अन्सेल्मोचा हात अजून चाकावर. त्याने चाक सावकाश उलटं फिरवलं, बंद केलं, आणि बोटं एकेक करून उचलली, चिकटली होती जशी काही. मग म्हणाला, "सगळ्यांना बाहेर काढा."

वजनकाट्यापाशी सगळे जाऊन उभे राहिले. चाळीस मिनिटं. सगळ्यांच्या नजरा त्या बॉयलरवर, आतून टक् टक् आवाज येतोय, लोखंड निवतंय का फुटतंय कोणाला कळेना, आणि काही झालं नाही. इतकं काही झालं नाही, की लोकांना संशय यायला लागला, खरंच काही होणार होतं का?

त्यात आले बुस्तामान्ते साहेब. मागे उसाच्या गाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत. "कोणी बंद केला?"

लुहानने तोंड उघडलं. अन्सेल्मोने तिच्या बूट नसलेल्या पायावर आपला पाय ठेवला, हलकेच, आणि म्हणाला, "मी."

कारण त्याला वाटलं, पोरीला आत्ताच्या आत्ता हाकलतील, दाखला जाईल. चांगल्या मनाने केलं हो त्याने. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

तीन दिवसांनी बॉयलर निवल्यावर उघडला. पाण्याचा आकडा दाखवणाऱ्या यंत्राला जी बारीक नळी जाते, ती क्षारांनी दगडासारखी तुंबलेली. पडदा आपला जुनाच आकडा दाखवत होता, आणि पाणी भरपूर आहे असं समजून यंत्र स्वतःच पाणी कमी करत गेलं होतं. आगीलगतच्या नळ्या वाकलेल्या. बाहेरून तपासनीस आला होता. तो म्हणाला, "अजून दहा मिनिटं, किंवा वरून थंड पाणी..." आणि वाक्य अर्धं सोडून त्याने प्यायला पाणी मागितलं.

मग काय, भोजनगृहात सभा. व्यवस्थापकांचं भाषण, अनुभवाला पर्याय नाही वगैरे, आणि अन्सेल्मोला भिंतीवरचं घड्याळ. टाळ्या. माझी बहीण पहिल्या रांगेत, नवा झगा घालून, ग्रिसेल्दानेच शिवलेला. लुहान मागे उभी राहून टाळ्या वाजवतेय, आणि अन्सेल्मो तिथे घड्याळ धरून असा उभा, जसं चोरीच्या मालासकट पकडलंय.

दुसऱ्या दिवशी गेला तो साहेबांकडे. "साहेब, तो मी नव्हतो. ती मुलगी होती."

"अन्सेल्मो, कागद विमा कंपनीकडे गेले. शिकाऊ मुलीने बॉयलरला हात लावला म्हटलं, की ते आपल्याला दारात उभं करणार नाहीत. शिवाय त्या तारेचं विचारतील. तार कोणी जोडली?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी."

"तोंडी सांगितलं होतं," साहेब म्हणाले, आणि परत फोनमध्ये बघायला लागले.

रविवारी अन्सेल्मो घड्याळ काखेत मारून ग्रिसेल्दाच्या दारात. लुहान फाटकापर्यंत आली. तिला हळूच म्हणाला, "मला झोप लागत नाही. डोळा लागला की माझा हात त्या चाकावर असतो."

"काका, तुम्ही हात काढलात ना."

"तुम्ही बटण दाबल्यावर काढला."

तिने फाटक उघडून त्याला आत घेतलं. आता बटण लुहानने दाबलं, हे ग्रिसेल्दाला ठाऊकच नाही. ती विचारते, "हे घड्याळ आमच्याकडे कशाला आणलंत?" अन्सेल्मोने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "तुमची मुलगी माते फार छान करते."

शेवटच्या दिवशी लुहान दाखला घ्यायला मिर्ताकडे गेली. मिर्ताने हजेरीपट काढला, पेन्सिल ओळीओळीने खाली आली आणि थांबली. "बाळा, तुझे तास कमी भरतात. कारखाना अकरा दिवस बंद होता ना. बंद कारखान्यात शिकाऊ माणूस काय शिकणार? ते तास धरता येत नाहीत."

"मिर्ताताई, तो बंद का होता, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक नसायला काय झालं, अन्सेल्मोने बंद केला. त्याचे उपकार मान, म्हणून आपण जिवंत आहोत. तेवढे अठ्ठ्याऐंशी तास भरून दे, की लगेच सही करते."

लुहानने खुर्ची ओढली, बसली, आणि विचारलं, "सोमवारी कितीला येऊ?"