एकही घास न खाता

मावशी : लिही. "साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत."

भाची : मावशी, आधी "महोदय" तरी घालू दे.

मावशी : महोदय नंतर. आधी खोटं. "मंगळवारी तुम्ही आमच्या धुरीघरात तपासणीला आलात, दारात उभे राहिलात, नाकाला रुमाल लावलात आणि पाच मिनिटांत पळालात. आणि अहवालात लिहिलंत, 'सखोल तपासणी केली.' सखोल म्हणजे किती खोल, साहेब? उंबरठ्याएवढं?"

भाची : उंबरठ्याएवढं... हं. पुढे?

मावशी : "एकवीस वर्षं मी डुकराचा खांदा अकरा तास धुरावर ठेवते आणि मग हातांनी पिंजते, धागा धागा सोडवते. आत सुती हातमोजे, वर रबरी. एकाही गिऱ्हाइकाचं पोट दुखलं नाही. तुम्ही मात्र एकही घास न खाता निकाल दिलात, की हाताने पिंजणं बंद, शुक्रवारपर्यंत यंत्र आणा, नाहीतर दुकानाला कुलूप." झालं लिहून?

भाची : कुलूप झालं. शुक्रवार म्हणजे परवा आहे, मावशी.

मावशी : म्हणून तर ओरडतेय.

भाची : पत्रात ओरडून काय उपयोग? कागदाला आवाज असतो का?

मावशी : माझ्या कागदाला असतो.

वेल्डर : खरंय. भिंतीपलीकडे माझं ग्राइंडर चालू होतं, तरी अख्खं पत्र ऐकू आलं. येऊ का आत, ताई?

मावशी : ये ठिणग्या, ये. साक्षीदार हवाच होता. चिमे, पुढे लिही. "तुमच्या हुकुमाचा मान राखून आज सकाळी आम्ही यंत्रं लावून पाहिली. कणीक मळायच्या मिक्सरमध्ये गरम मांस घातलं. पंधरा सेकंदांत बरे धागे झाले."

भाची : आणि तू म्हणालीस, अजून जरा फिरव.

मावशी : ते नको घालूस. "तिसाव्या सेकंदाला लगदा झाला. अकरा तासांची मेहनत भिंतीला गिलावा म्हणून लावायच्या लायकीची झाली. मग शेजारच्या वेल्डरने ड्रिलला आकडा बसवून आणला."

वेल्डर : माझं नाव कशाला सरकारदरबारी?

मावशी : नाव कुठे घेतलं? धंदा लिहिला. "त्या आकड्याने खांद्याला असा काही गरका दिला, की अर्धं मांस छताला गेलं."

वेल्डर : पंख्यावर गेलं, ताई. छतावर फक्त रस उडाला.

मावशी : चिमे, दुरुस्त कर. पंख्यावर. आपण साहेबांसारखं खोटं लिहायचं नाही.

भाची : केलं. आणि ते गार करण्याचं?

मावशी : ते तर मोठ्या अक्षरांत घाल! "तुम्ही लिहिलंत, मांस फ्रीजमध्ये पूर्ण गार करावे आणि मगच पिंजावे. साहेब, तुम्ही कधी खांदा पिंजलाय? गार झाला की चरबी थिजते, धागे एकमेकांना मिठी मारून बसतात. ओढायला जावं तर ढेकळं हातात येतात. धुरावरून उतरवलेला खांदा कापडात गुंडाळून तासभर निजवायचा. मग ते चपटं हाड दोन बोटांच्या चिमटीत धरायचं. सुळकन, कोरडं ठणठणीत बाहेर आलं, की तीच वेळ. ती वेळ घड्याळात नसते आणि तुमच्या परिपत्रकात तर नसतेच नसते."

वेल्डर : वा! हे माझ्या दुकानात फ्रेम करून लावीन.

मावशी : तू आधी तुझे ते पंजे घेऊन जा. काल इथे ठेवून गेलास. दोन पंजे, प्रत्येकाला पाच नखं. अस्वल आल्यासारखं वाटलं मला.

वेल्डर : जुन्या ओव्हनच्या स्टीलच्या जाळीपासून बनवलेत, ताई. गंज नाही, काही नाही. टोकं कानशीने घासून गोल केलीत. पिंजायला एकदा वापरून तर बघा.

मावशी : पाला ओढायला वापर. मांसाला बोट लागतं. धागा कुठल्या दिशेने जातो ते बोटालाच कळतं. लोखंडाला कळतं?

भाची : स्टील आहे, मावशी.

मावशी : स्टीलला कळतं? तू लिही. "सोबत नमुन्याचे डबे पाठवत आहे. एकात मिक्सरचं, एकात काटे-चमच्यातल्या काट्यांनी सोडवलेलं, एकात माझ्या हातचं. माझ्या हातचं कोणतं ते आंधळाही ओळखेल."

भाची : तू ओळखशील?

मावशी : म्हणजे?

भाची : डोळे बांधले तर?

मावशी : ऐकलंस, ठिणग्या? सहा वर्षं काउंटरवर उभी राहून पुड्या बांधते आणि माझी परीक्षा घेते. बांध गं. तो धुतलेला नॅपकिन घे, कांद्याचा नको.

वेल्डर : घट्ट बांध. ताई खालून बघतील.

मावशी : खालून तू बघतोस, दर शनिवारी, वजनकाट्याकडे. आणा.

(भाची चार बश्या मांडते. वेल्डर खुर्ची ओढून बसतो.)

भाची : ही पहिली. तोंड उघड.

मावशी : ह्याला तोंड उघडायची काय गरज, नळीनेही जाईल. मिक्सर.

भाची : बरोबर. ही दुसरी.

मावशी : हं... काटे. दोन काट्यांनी ओढलंय, पण धाग्याच्या आडवं. तुकडे तुकडे झालेत. हे काम ठिणग्याचं. घाई, नुसती घाई.

वेल्डर : दुकानात गिऱ्हाईक वाट बघत होतं हो.

मावशी : मांसपण वाट बघत होतं. पुढची.

भाची : तिसरी.

मावशी : अगं, हे...

भाची : काय झालं?

मावशी : थांब. अजून एक घास दे. हां. हे बघ, ह्याला म्हणतात पिंजलेलं. धागे ना लांब ना तोकडे. धुराने काळी झालेली वरची साल बारीक करून सगळीकडे सारखी मिसळलीय, एका घासात आली आणि दुसऱ्यात नाही असं नाही. बशीत उतरलेला रस परत वर फिरवलाय. हे माझं.

भाची : नक्की?

मावशी : माझी बोटं मला कळणार नाहीत? सोड नॅपकिन.

भाची : अजून एक बशी आहे.

मावशी : चौथी कशाला? बरं, दे. मम... बरंय. वाईट नाही. पण काही धागे दोरीसारखे राहिलेत. साल एकाच कोपऱ्यात गोळा झालीय. ज्याने केलंय त्याला जमतं सगळं, पण हात दुखतात त्याचे. सुरुवात छान, मग शेवटी शेवटी कंटाळलाय. कोणाचं हे?

भाची : आधी पाणी घे, मावशी.

मावशी : ठिणग्या, तू तरी बोल. एरवी तोंड बंद नसतं तुझं.

वेल्डर : मला जरा दुकानात काम आठवलं, ताई.

मावशी : बस खाली! चिमे, कोणाचं?

भाची : तुझं आहे, मावशी.

मावशी : आणि तिसरं?

भाची : माझं. तू मघाशी फोनवर कार्यालयाशी भांडत होतीस ना, तेव्हा उरलेला अर्धा खांदा मी पंज्यांनी पिंजला.

मावशी : पंज्यांनी.

भाची : हो.

मावशी : त्या अस्वलाच्या.

वेल्डर : ताई, रागावू नका...

मावशी : रागावले असते तर तुला कळलं असतं. डोळे सोडा आधी माझे. दाखव ते पंजे.

भाची : हे घे.

मावशी : धरायचे कसे? सरळ?

भाची : नाही, तिरके. खुपसायचे नाहीत, नुसते टेकवायचे आणि एकमेकांपासून लांब न्यायचे. धागा कुठे सुटायला तयार आहे ते मुठीत कळतं. कळतं गं, खरंच. बोटाएवढे धागे झाले की थांबायचं. साल आधीच वेगळी काढून सुरीने चिरायची, मग मिसळायची.

मावशी : हे कोणी शिकवलं तुला?

भाची : काउंटरच्या मागे खिडकी आहे ना, स्वयंपाकघरात उघडणारी. सहा वर्षं तिथून बघतेय.

मावशी : मला वाटलं, गिऱ्हाइकांकडे बघतेस.

वेल्डर : गिऱ्हाइकांना ती अर्धा किलो मागितलं तर पाऊण देते, ताई. लक्ष कुठे असतं त्याचा अंदाज घ्या.

मावशी : मूठ मोठी आहे रे ह्याची. माझ्या हातात बसत नाही.

वेल्डर : तुमच्या मापाची नाहीच ती.

मावशी : म्हणजे हा कट आहे तुम्हा दोघांचा.

वेल्डर : मी फक्त जाळी कापली.

मावशी : हं. लिही गं. ते डब्यांपासून आंधळ्यापर्यंतचं सगळं खोड.

भाची : खोडलं.

मावशी : "साहेब, सोबत चार डबे आहेत. झाकणावर काही लिहिलेलं नाही. चारही डब्यांतला एकेक घास खा, चावून खा, आणि मग कळवा की यंत्र कोणत्यात आहे, काटे कोणत्यात, हात कोणत्यात, आणि आणखी एक अवजार आहे ते कोणत्यात. मलाही सगळं ओळखता आलं नाही, हे मी कबूल करते. पण मी घास खाऊन चुकले. तुम्ही न खाता चुकलात. शुक्रवारच्या आत उत्तर हवं." खाली सही. वाचून दाखव.

भाची : वाचते. फक्त शेवटी मी दोन ओळी वाढवल्यात.

मावशी : मला न विचारता? वाच.

भाची : "ताजा कलम. सहा वर्षं मला काउंटरवर उभं केलं गेलं, माझ्या हातचा एकही घास न खाता. उद्याचा खांदा कोण पिंजणार ते कळवावे."

मावशी : हे साहेबांना काय कळणार? त्यांचा काय संबंध?

भाची : ह्या ओळी मी कापून घेणार आहे, मावशी. त्या साहेबांना नाहीत. तोंडी उत्तर दिलंस तरी चालेल.