तांदळात ठेवलेले देव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या मांजरी गावातल्या उसाच्या शेतावर आपली सोसायटी उभी आहे ते माननीय बापूराव, शालीखाली अवघडून बसलेले सत्कारमूर्ती श्रीनिवासराव आणि पूर्णिमाताई, आमचे सेक्रेटरी संतोषराव, आणि वेळेवर आलेल्या मोजक्या सभासदांनो,

सर्वांना नमस्कार.

हे दांपत्य कॅनडाला, लेकीकडे, ऋतिकाकडे निघालं आहे. आता 'निघालं' म्हणजे नेमकं काय, यावर फलक लिहिताना कमिटीत चकमक झाली. संतोषरावांना भारदस्त इंग्रजी शब्द हवा होता. शेवटी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या पूर्णिमाताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, सोपं आहे. देश कायमचा सोडतो तो एमिग्रंट. तोच तिकडे जाऊन स्थायिक झाला की तिकडच्यांचा इमिग्रंट. आणि कामापुरता राहतो तो एक्स्पॅट."

"आणि मायग्रंट?"

"तुम्ही की, अमरावतीहून आलेले."

"ताई, माझा स्वतःचा फ्लॅट आहे!" संतोषराव दुखावले. बरोबरच आहे. एसटीनं आलेला तो स्थलांतरित आणि विमानानं गेलेला तो एक्स्पॅट, अशी आपली साधी समजूत.

तेवढ्यात बापूराव म्हणाले, "आमी तर कुटंच गेलो न्हाई. हितंच बसून हाय, पुणंच अंगावर आलं. आमाला काय म्हणायचं वो?"

"मूळ मालक," ताई म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ द्या इंग्रजी."

सगळे हसले. मी हसलो नाही. कारण यातला कोणता शब्द ताईंना लागू, हे कुणीच विचारलं नव्हतं. श्रीनिवासराव लिफ्टमध्ये सांगत सुटले होते, "जमलं तर तिकडेच राहू. हवा काय, रस्ते काय!" आमच्या हिला, नम्रताला, माहेर उरलेलं नाही. जे काही आहे ते समोरच्या दारात, म्हणजे ताईंकडे. गेले कित्येक दिवस घरात भांडणसुद्धा झालं नव्हतं. विवाहित पुरुषांना या शांततेचं गांभीर्य कळेल. पुणेकर स्पष्ट बोलतो म्हणतात. पण ते दुसऱ्याचं चुकल्यावर. 'तुम्ही परत येणार ना?' एवढं विचारायला दोघांचीही जीभ रेटेना.

आज दुपारी बॅगा तोलायला वजनकाटा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पाहतो तर देव्हारा रिकामा! कायमचा जाणारा माणूस देव बरोबर नेतो.

"देव बॅगेत भरलेत?" मी ताईंना विचारलं.

"छे हो! त्यांना कशाला तिकडची थंडी? तांदळात ठेवलेत."

तरुण मंडळींसाठी सांगतो. घर काही काळ बंद राहणार असेल, तर देव तांदळाच्या डब्यात ठेवतात. रोजची पूजा चुकली तरी देव उपाशी राहत नाहीत. पण परत येऊन त्यांना बाहेर काढायचं असतं. त्याशिवाय कोण ठेवेल?

श्रीनिवासराव बॅगेवर बसूनच म्हणाले, "अगं, आपण तिकडेच राहायचं बघणार होतो ना?"

"तुम्ही बघा की निवांत. मला देव काढायला यायचंय."

विषय संपला. किल्ली आमच्याकडे आली.

मी घरी येऊन सांगितलं. नम्रता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, मग डोळे पुसून म्हणाली, "आणि काटा तिकडेच विसरलात ना? एक काम धड होत नाही तुमच्याच्यानं!"

मंडळी, इतकं गोड मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि ऐकून घेतल्याबद्दल आपले आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं. श्रीनिवासराव, आपल्याला जरा जास्तच लागलं असेल. पण निर्णय माझा नव्हे.

ताई, सुखरूप जा. परत आलात की त्या तांदळाचा भात करा. आम्ही दोघं जेवायला येऊ. नमस्कार.