मुळीचं नाव
१९७२ चा उन्हाळा. साकोलीच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत पुष्पाबाईच्या पुढं दोघं उभे होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले ते दिघोरीचे मंसाराम वैदू, दहा गावांची कावीळ उतरवणारे. त्यांना हाताला धरून आणलं होतं गावच्या मास्तरांनी. पुष्पाबाई आपला खोकला दाबून ऐकू लागली.

"वैदराज, साऱ्यायची कावीळ तुमी उतरवली, अन् सोता रांगेत?"

"आपण उपटलेली मुळी आपल्यालेच लागू पडत नाही, मास्तर. दुसऱ्यानं उपटा लागते."

"मंग पोराले सांगा ना, कोणती मुळी ते."

"नाव सांगतलं का गुण जाते."

"अन् तुमीच गेले त?"

"गुण त राहीन!"

"वा! अजी, सरकारनं नवा कायदा आणला. नवी दवा काढली का कंपनीले सरकारपाशी लिहून द्या लागते, ती कशी बनवली ते. काही वर्षं कंपनीचा हक्क, मंग साऱ्या जनतेचा."

"म्हणूनच त कंपनीच्या दवाईले गुण नाही."

"मंग इथं आले कायले?"

"मी कुठं आलो? तुमीच ओढत आणलं."

तेवढ्यात त्यांचा नंबर लागला. खिडकीतून कंपाउंडरनं लाल औषधाची बाटली पुढं केली.

"दिवसातून तीनदा घ्या."

मंसारामांनी बाटली उजेडात धरली, हलवली, हुंगली आणि खिडकीत परत ठेवली.

"याच्यात काय काय टाकलं ते सांगा पयले. बिना सांगतलेली दवा मी पोटात घेत नाही."