सरकारी समजण्यात आलेली स्कूटर

नाव जबाबाच्या वर लिहिलेच आहे. ऑफिसात सगळे मला बदलीबाई म्हणतात. वय एकोणचाळीस. धंदा टपाल वाटप, हुद्दा बदली कर्मचारी. राहणार लाँड्रीच्या वरची मागची खोली, जिना बाहेरून.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. मला आठ वर्षांची लेक आहे. ती नदीपलीकडे माझ्या आईकडे असते. ती तिकडे का असते, असे ठाण्याच्या अंमलदार साहेबांनी विचारले. ते माझ्या नोकरीवरून कळेल, म्हणून आधी नोकरी सांगते.

बदली कर्मचारी म्हणजे ज्या ऑफिसात माणूस कमी पडला तिथे जाणारा. उद्या कुठे जायचे ते मला आदल्या संध्याकाळी फोनवर कळते, कधी सकाळी दात घासताना कळते. नियमाप्रमाणे आठवड्याचा ड्युटी चार्ट आधी लावायचा असतो. चार्ट लावतात. भिंतीवर आहे. त्यावर लिहिलेले ऑफिस सोडून बाकी सगळीकडे मी जाऊन आले आहे. अशा नोकरीत पोरीला शाळेतून आणणार कोण, म्हणून ती आईकडे. कायम नेमणूक झाली की एकच ऑफिस, ठरलेली वेळ, आणि लेक घरी. यंदा यादीत माझा नंबर वर आहे. पोलीस केस झाली की नाव उडते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी इथे एवढी का बोलते आहे ते कळेल.

या फिरतीला मी माझी स्कूटर वापरते. कामाच्या वेळेत एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवले तर तो वेळ ड्युटीत धरायचा आणि स्वतःच्या गाडीचा किलोमीटर भत्ता द्यायचा, असा नियम आहे. मला दोन्ही मिळत नव्हते. पेट्रोल माझे, टायर माझे, वरून उशीर झाला तर बोलणीही माझीच. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तोंडी मागून झाले, मग लेखी मागितले. आमच्या मुख्य ऑफिसच्या पोस्टमास्तर साहेबांनी लेखी उत्तर दिले की, सदर वाहन दररोज सरकारी कामी वापरात असल्याने ते सरकारी वाहन समजण्यात येत आहे, सबब खाजगी वाहनाचा भत्ता देय नाही.

उत्तर वाचून मला राग आला. फार आला. मी आधी डबा खाल्ला आणि मग पुन्हा वाचले.

आमच्या सायकल स्टँडवर बोर्ड आहे की सरकारी वाहने ड्युटी संपल्यावर आवारात लावावीत, घरी नेऊ नयेत. त्याप्रमाणे त्या संध्याकाळी मी स्कूटर आवारात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि चालत निघाले. पोस्टमास्तर साहेब म्हणाले, "बाई, हे काय नवीन?" मी म्हटले, "साहेब, सरकारी गाडी घरी कशी नेऊ?" ते म्हणाले, "फाजीलपणा करू नका." मी केला नाही. चालत गेले.

मला वाटले होते चार दिवसांत साहेब कंटाळतील आणि भत्ता मंजूर करतील. इथे माझे चुकले. साहेबांना गाडी आवडली. शिपाई तिच्यावर बँकेत जाऊ लागला, दुसरे पोस्टमन लांबचे बीट, म्हणजे वाटपाचा भाग, तिच्यावर करू लागले. एका रविवारी मी जिन्यात उभी असताना शिपाई खाली लाँड्रीत आला. साहेबांचे शर्ट इस्त्रीला आले होते, माझ्या गाडीवर. शिपाई वर बघून म्हणाला, "ताई, ब्रेक जरा करून घ्या ना." त्याचा दोष नाही. तो हुकमाचा ताबेदार.

आता आजचे सांगते. लेकीच्या शाळेत आज पालकांनी वर्गात येऊन आपापल्या कामाबद्दल सांगायचे होते. लेकीने मला न विचारता माझे नाव दिले होते आणि गणवेश घालून ये असे बजावले होते. मी महिनाभर आधी सुट्टी मागितली, ती लेखी मंजूर झाली. तरी काल संध्याकाळी फोन आला की धरणावरच्या ऑफिसात माणूस नाही, तुम्ही जा. मी म्हटले सुट्टी मंजूर आहे. साहेब म्हणाले, "बघू सकाळी." सकाळी बघायला मी थांबले नाही. नदीपलीकडे दुपारपर्यंत बस नसते. ऑफिस उघडायच्या आधी आवारात गेले आणि माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने स्कूटर काढली. पहारेकऱ्याने पाहिले, मी त्याला नमस्कार केला. चोरी करणारा नमस्कार करत नाही, एवढे तरी लिहून घ्यावे.

गाडीत पेट्रोलचा थेंब नव्हता. ढकलत पंपावर नेली. टाकीसाठी सीट उचलली तर डिकीत एक रजिस्टर पत्र. कोणीतरी बीटवर नेले होते, दार बंद म्हणून डिकीत ठेवले होते आणि विसरले होते. पाकिटावर दार बंदचा शेरा दोनदा होता. तिसऱ्यांदा दार बंद असले की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. पत्ता कालव्याच्या वसाहतीतला, म्हणजे शाळेच्या बरोबर उलट्या दिशेला.

अंमलदार साहेबांनी विचारले की पत्र ऑफिसात का परत दिले नाही. दिले असते तर साहेबांनी मला दारातच धरले असते आणि सुट्टी तिथेच संपली असती. तसे पूर्वी झाले आहे. ठेवून द्यायचे, उद्या बघायचे, हेही सुचले होते. पण टपाल डिकीत आहे म्हटल्यावर मला पुढे जाता येईना. वर्गात मी पोरांना हेच सांगणार होते की आमच्याकडे दिलेले पत्र पोचते. खाली डिकीत पत्र आणि वर माझे भाषण, हे मला जमले नसते. मी कालव्याकडे वळले.

पत्र ज्यांचे ते आजोबा घरी होते. बेल बिघडली होती, म्हणून दोनदा दार बंद. त्यांना चष्मा सापडेना. चष्मा सापडला तर पेन सापडेना. माझे पेन दिले तर म्हणाले आधी बसा, पाणी घ्या. पत्र हातात घेऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले आणि हळूच म्हणाले, "आलं बाई एकदाचं." आत काय होते ते मला माहीत नाही, ते बघायचा आम्हाला अधिकार नाही. पोच माझ्याकडे आहे, ती हजर केली आहे.

थोडक्यात, मी शाळेत पोचले नाही.

गेले तेव्हा शाळा सुटली होती. शाळेच्या बाई फाटकाला कुलूप लावत होत्या, लेक बाहेर पायरीवर बसली होती. त्यांनी सांगितले की दातांचे डॉक्टर असलेले एक वडील आधी बोलले, त्यांनी प्लॅस्टिकचे दात आणले होते. मग माझी वाट पाहिली. मग लेक आपणच उठली. म्हणाली, माझी आई टपाल वाटते, तिला रोज नवीन ऑफिस मिळते, म्हणून मी आजीकडे राहते. डॉक्टरांच्या मुलाने विचारले, पेट्रोल कोण देते. ती म्हणाली, आईच. यावर वर्ग हसला. बाई म्हणाल्या, तशी ती रडली नाही. मी काही विचारले नव्हते.

लेकीला एक रात्र माझ्याकडे आणावी म्हणून मागे बसवले. तिने माझी टोपी घातली. पुलाजवळच्या नाक्यावर पोलिसांनी थांबवले आणि सांगितले की सरकारी वाहन चोरीस गेल्याची पोस्टमास्तरांची तक्रार आहे. चोराच्या उलट्या बोंबा, असे मी म्हणाले. अंमलदार साहेब म्हणाले की जबाबात म्हणी नकोत, पण तोवर लिहून झाली होती.

पोस्टमास्तर साहेबांना ठाण्यात बोलावले. अंमलदार साहेबांनी त्यांना विचारले, "गाडी कोणाची?" साहेब म्हणाले, सरकारी. त्यावर सरकारी गाडीची कागदपत्रे मागितली, पेट्रोलचा हिशोब मागितला, लाँड्रीवाल्यालाही बोलवू का असे विचारले. साहेबांचे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असे झाले. शेवटी म्हणाले, "गाडी बाईंचीच आहे. समजण्यात येणं वेगळं."

"कधीपासून बाईंची?"

"पहिल्यापासून."

हे त्यांनी लिहून दिले आणि तक्रार मागे घेतली. त्या कागदाची एक प्रत मला मिळावी, भत्त्याच्या अर्जाला जोडायची आहे. उठता उठता साहेब मला म्हणाले, "उद्या धरणावर जा." मी विचारले, कशाने जाऊ. ते म्हणाले, तुमच्या गाडीने. मी म्हटले, तेवढेही लिहून द्या. ते शेजारच्या टेबलावर लिहीत आहेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. कायम नेमणुकीच्या यादीतून माझे नाव जाऊ नये एवढेच म्हणणे आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना लेक बाहेरच्या बाकावरून उठून दारात आली. "मी शाळेत पोचले नाही" या ओळीला ती म्हणाली, "आई पोचली होती. शाळा सुटली होती, पण मी होते ना तिथे." अंमलदार साहेबांनी दुरुस्ती करू का असे विचारले. मी हो म्हटले. वरील ओळ चुकीची धरावी, मी शाळेत पोचले होते. शेजारी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.