खांबाला ठोका

—सेट एकदम ठणठणीत आहे, रतिलालकाका, तुमच्यापेक्षा ठणठणीत. इथं शहाद्यात वाजतोय की नाही? मग कळसाडीला नेला की का खरखरतो? कारण खरखर सेटात नाहीच, तुमच्या गावात आहे. नाही, उघडणार नाही मी तो. दादा असता तर त्यानंही उघडला नसता. दादा चौथी पास होता — मी दुसरीत मास्तरांच्या डोक्यात पाटी घालून बाहेर पडलो — पण रेडिओच्या खरखरीचा चोर शोधावा तर आमच्या पितांबरदादानंच. घरातला मेन स्विच पाडायचा. बॅटरीवरचा सेट तरीही खरखरतोय? मग चोर बाहेरचा. सेट छातीशी धरून गोल फिरायचं. आवाज जिथं दबला तिथं सेटची कड चोराकडे असते, तसं चालत सुटायचं. बाया विचारायच्या, बकरी हरवली का रे? एकदा चालत चालत देवळात शिरला. देवाच्या डोक्यामागं विजेवर फिरणारं चक्र होतं, त्याच्या मोटारीत ठिणग्या उडत होत्या. दादानं देव बंद केला, अर्ध्या गावाची भजनं साफ ऐकू यायला लागली. पुजारी आजही आम्हाला पाप्यांत मोजतो.

तुमच्याकडेही तसाच आला होता ना, पौषात, मी होतोच की बरोबर. तुमच्या दारातला लोखंडी खांब. वर चिनीमातीच्या वाटीपाशी तार ढिली, वारा आला की ठिणगी, ठिणगी पडली की तुमच्या बातम्यांचा चुरा. दादानं अर्ज लिहून दिला होता, वायरवाल्यांच्या ऑफिसात द्यायला. कुठंय तो? — उशाखाली! म्हणजे उशी दुरुस्त झाली असेल, तार नाही. पण तुमचंही काय चुकलं म्हणा. दादा अर्ज लिहीत बसला होता तेव्हा मी धोंडा उचलला आणि खांबाला घातला एक. खरखर बंद. तुम्ही म्हणालात, वा भटू, थोरल्यापेक्षा धाकटा हुशार. मी चार दिवस छाती काढून फिरलो. दादा म्हणाला, ती तार दुरुस्त नाही झाली, नुसती हलली. मी म्हटलं, तू अर्जच लिही.

काय? — अजून मारता? तुम्ही? धोंड्यानं नाही, मुसळानं? या वयात? बघायला पाहिजे होतं मी. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी — बरं — आणि खरखर गेली की नाही हे कोण सांगतं? — तापीकाकू. सेट घेऊन. कुठं उभ्या राहतात?

कुठं म्हणालात? तारेखाली?

बसा. नाही, बसा म्हणतो ना. दादा कसा गेला, काय ऐकलंत तुम्ही? — हां, तेच. स्वतःच खांब ठोकला, स्वतःवर तार पाडली. पंचनाम्यातही तेच आहे, निष्काळजीपणे. वहिनीही सगळ्यांना तेच सांगते, एवढा शहाणा माणूस, त्या दिवशीच बुद्धी कशी फिरली म्हणून. मी शेजारी बसून मान हलवतो. दोन महिने हलवतोय. अहो, दादानं उभ्या जन्मात कधी खांबाला बोट लावलं नाही काका, तो उघड्या तारेकडे बघतानासुद्धा चप्पल घालायचा. जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत तो सेट घेऊन उभा होता, तापीकाकू उभ्या राहतात तसाच, तिथंच. धोंडा माझा. पहिल्या ठोक्याला खरखर गेली. तो म्हणाला, "आवाज गया भटू, ऱ्हाऊ दे आते." राहू दे म्हणाला. मग दुसरा का मारला? — तार पक्की बसावी म्हणून. खोटं. गल्लीत चार माणसं बघत होती म्हणून. पंचनाम्याच्या वेळी त्यातलं एकही कुत्रं उरलं नव्हतं. तार खाली आली. सेट तिकडे उडाला आणि वाजत राहिला, इतका साफ की काय सांगू, कपाशीवरचा मावा कसा मारावा त्याचं भाषण, शेवटपर्यंत. मी ऐकलं ते सगळं. फवारणी कधी करायची ते विचारा मला.

असं बघू नका. पाणी नको. वहिनीला सांगायचं की नाही ते माझं मी बघेन — सांगेन. आज नाही तर उद्या. तुम्ही फक्त मुसळाला कांडायच्या कामाला लावा आणि उशाखालचा तो अर्ज काढा, दादाच्या हातचा आहे, भिजवू नका. — सेट? सेट मिळणार नाही. हो, तुमचाच आहे, ठणठणीत आहे, मीच म्हणालो. तरी इथंच राहील. सेटच नसला तर काकू खांबाखाली जातील कशाला? वायरवाले तार बांधून गेले की या, पुसून देईन. द्या शिव्या, द्या. पुजाऱ्याच्या ऐकतो, तुमच्याही ऐकेन. पोलिसात जा, दोन्ही गोष्टी सांगा, सेट चोरला ही आणि दुसरीही. हात काढा काका, ओढू नका. कळसाडीची गाडी लागली बघा. चला, निघा.