सैल झाकणं

सासरे — स्टुलावर बसलोय, हात मांडीखाली दाबून ठेवलेत. आणखी काय करू, बांधून घेऊ?

सून — बांधावेच लागतील बहुतेक. आत्ता तुमचा हात झाऱ्याकडे गेला होता.

सासरे — हात गेला, मी कुठे गेलो? मी इथेच आहे.

सून — बाबा, आज सगळं मी एकटीने करायचं असं ठरलंय. उद्या सकाळची गाडी आहे. तिकडे तुमचे चिरंजीव आहेत, आणि त्यांना अंडं उकडायला सांगितलं तर आधी पाणी जळतं, मग भांडं.

सासरे — कॅन्टीनवाल्याचा पोरगा तो. आयत्या ताटावर वाढला. फ्लॉवर जाड किसतेयस.

सून — बारीक किसला की लगदा होतो, तुम्हीच म्हणालात. भातासारखा मोकळा दिसायला हवा.

सासरे — मी म्हणालो? मग बरोबर असेल. किस.

सून — हाडांचं सूप सकाळपासून मंद ठेवलंय. रताळी भाजायला लावते. पालेभाजी शेवटी, नाहीतर काळी पडते. मासा खाली उतरवायच्या बेतात असताना लिंबू. झालं ना सगळं?

सासरे — मीठ.

सून — मीठ शेवटी, चाखून. तुमच्यासारखं खांद्यावरून फेकायचं नाही.

सासरे — चारशे माणसांच्या पातेल्यात चिमटीने घातलं असतं तर संध्याकाळ झाली असती. खांद्यातूनच यावं लागतं ते.

सून — म्हणून तर पहिल्या दिवशी तसं झालं. आठवतंय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सांध्यांचं औषध चालू ठेवा, आणि काही महिने धान्य, डाळी, दूध, साखर सगळं बंद करून बघा. माणूस शेती शिकायच्या आधी जे खात असेल तेवढंच. गुण येईलच असं नाही, पण बघा. मी रडत घरी आले. म्हटलं, आता मी खाऊ तरी काय? आणि तुम्ही काही न बोलता पिशवी उचलून बाहेर पडलात.

सासरे — रडणाऱ्या माणसाला काय बोलायचं? बाजार गाठावा.

सून — आणि सूप केलंत चाळीस जणांचं.

सासरे — त्याहून लहान पातेल्यात माझा अंदाज चालत नाही, त्याला मी काय करू? आचाऱ्याचा हात आहे. आवरायला वेळ लागला.

सून — महिनाभर लागला. जिन्यातल्या प्रत्येक घराला रोज वाटी. वरच्या मजल्यावरचे मास्तर मला विचारत होते, तुमच्याकडे कोणी गेलंय की कोणी झालंय?

सासरे — आणि आता तेच मास्तर, वाटी पोचली नाही की खोकून दाखवतात.

सून — हसवू नका, हातात सुरी आहे. बघा आता. रताळं किती कडक, आणि अंगठा कुरकुरतसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी मला ब्लाऊजचं बटण लागत नव्हतं. दाभण धरलं की बोटांतून गळून पडायचं. पुस्तकं बांधणाऱ्या बाईच्या हातातून दाभण गळायला लागलं की तिने काय करायचं? कारखान्यात सगळे दुसरीकडे बघायचे, मला दिसू नये म्हणून.

सासरे — ते गेलं आता. तिकडच्या बाई काय म्हणाल्या? बांधणीच्या कारखान्याच्या मालकीणबाई.

सून — चांगल्या वाटल्या. म्हणाल्या, काम तुमचं पाहिलंय, प्रश्न फक्त हातांचा आहे. खरं सांगा, जोर आहे का? जाड ग्रंथ असतात, दोरा ओढून ओढून शिवायचे असतात. मी म्हटलं, घरातल्या सगळ्या बरण्या मीच उघडते. त्या हसल्या. म्हणाल्या, मग या.

सासरे — बरण्यांचं सांगितलंस?

सून — दुसरं काय सांगणार? त्यावरूनच तर मला कळलं. एके काळी तेलाची बरणी तुमच्यापुढे धरून उभी राहायचे, भीक मागितल्यासारखी. आणि मग एका संध्याकाळी सहज फिरवली आणि उघडली. तेव्हापासून रोज उघडते. दर वेळी मनात कोणाचे तरी आभार मानते. कोणाचे ते माहीत नाही. तुमचे, डॉक्टरीणबाईंचे, त्या आदिमानवाचे.

सासरे — खोबरेल मी काढून देतो. तू पालेभाजी बघ.

सून — बसा म्हटलं ना. हे बघा, तेलाची बरणी. नुसतं बोट लावलं आणि...

सासरे — काय झालं?

सून — थांबा. बदामाच्या कुटाची बरणी बघू. हीसुद्धा. आणि मध. बाबा, ही झाकणं लावलेलीच नाहीत. नुसती टेकवून ठेवलीत.

सासरे — घाईत राहिलं असेल.

सून — तुमच्याकडून? झाकण नीट न लावणाऱ्याला तुम्ही दिवसभर कांदे सोलायला बसवायचात. स्वतःच सांगितलंत.

सासरे — म्हातारपणी शिस्त सुटते.

सून — सगळ्या बरण्यांची एकदम सुटते? तुम्ही मुद्दाम ठेवता. माझ्यासाठी. मला वाटावं की मीच उघडली. कधीपासून चाललंय हे?

सासरे — तसं नाहीये ते.

सून — मग कसं आहे?

सासरे — मासा करपेल.

सून — करपू दे. मी तिकडे त्या बाईंना बरणीची साक्ष दिली. उद्या गाडीत बसून जाणार, परवा हातात दाभण घेणार, आणि चार दिवसांनी ते पुन्हा गळून पडलं तर? मला वाईट वाटू नये म्हणून मला भ्रमात ठेवलंत का? मी लहान पोर आहे का बाबा, हरलेला डाव जिंकून द्यायला?

सासरे — हात बरे आहेत तुझे.

सून — कशावरून?

सासरे — मला माहीत आहे म्हणून.

सून — हे काही उत्तर झालं नाही. तुम्ही नीट सांगत नाही, तेव्हाच कळतं काय ते. मी त्यांना फोन करते. सांगते, नको, माझं काही जमायचं नाही.

सासरे — फोन ठेव. पोरी, ठेव तो फोन. अगं, ऐक तरी.

(बाहेर चपला काढल्याचा आवाज.)

मावशी — दार उघडंच होतं, आले हो. कालचं भांडं परत करायला आले, रिकामं आणलंय, भरून नेईन, लाज सोडलेलीच आहे मी. सूनबाई, काय वास सुटलाय गं. माझ्या घरात तीन खोल्या, तिन्हींत शिरलाय. आणि अहो आचारीबुवा, आज सकाळी माझ्याकडून लगेच वर पळालात ते? मी दोनदा हाक मारली. म्हटलं, बरण्या उघडून दिल्या, आता चहा तरी घ्या.

सून — काय म्हणालात मावशी?

मावशी — बरण्या गं. रोज सकाळी पिशवीत घालून आणतात ना खाली. का हो, माझ्याकडे असे का बघताय? मी काही जास्त बोलले का?

सासरे — नेहमीइतकंच.

सून — मावशी, तुम्ही कशाला उघडता?

मावशी — मग कोण उघडणार? यांचा अंगठा धरत नाही थंडीपासून. पिळायला गेले की कळ जाते पार कोपरापर्यंत. आणि तू रात्री ओटा आवरताना झाकणं अशी काही आवळून लावतेस, की बाई गं, मलासुद्धा फडकं गुंडाळावं लागतं. एकदा तर मी मास्तरांना हाक मारली वरून. परवा ती मधाची बरणी आम्ही तिघांनी मिळून उघडली, एक धरायला, एक फिरवायला, आणि मास्तर सूचना द्यायला. मग मी नुसतं झाकण टेकवून देते. हे म्हणतात, आवळू नका, नाहीतर दुपारी परत जिना उतरावा लागेल. काय जोर आहे गं तुझ्या हाताला. काय खातेस?

(सून डोळे पुसते.)

मावशी — रडतेस कशाला? मी चांगलं म्हणाले.

सून — बाबा.

सासरे — म्हटलं होतं ना, मला माहीत आहे म्हणून.

सून — मला का नाही सांगितलंत?

सासरे — सांगितलं असतं तर तू त्या बाईंना काय म्हणाली असतीस? म्हणाली असतीस, सासऱ्यांचा अंगठा दुखतो, मी काही येत नाही. ओळखतो मी तुला.

सून — आताही तेच म्हणणार आहे.

सासरे — म्हणून बघ. पातेलं उलटं करून बसेन त्यावर.

सून — तुम्हाला एकट्याला कसं जमेल? सुरी धरायची, पातेलं उतरवायचं.

मावशी — एकटे कुठे? मी आहे की खाली. हे रांधतील, मी उघडीन, मास्तर खोकतील. आणि सोमवारी यांना मी नेतेय त्या डॉक्टरीणबाईंकडे. हो, नेतेय. मान हलवू नका.

सासरे — मी मान हलवली नाही. माशी होती.

सून — तोंडाने सांगा. जाणार का?

सासरे — जाईन. आता तूही ऐक, म्हणजे पुन्हा बोलायला नको. तुझी सासू गेली तेव्हा मी डाव, झारे सगळे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. चहा आणि पाव, पाव आणि चहा. कोणासाठी करायचं? कॅन्टीन सुटलेलं, घरात जेवणारं कोणी नाही, पोरगा परगावी, तू दिवसभर कारखान्यात. मग तू ते हात घेऊन रडत आलीस. तू आजारी पडलीस ते बरं झालं, असं कसं म्हणू? जीभ रेटत नाही. पण त्या दिवशी पोतं खाली काढलं मी. दुसऱ्या दिवशी पहाटे आपोआप जाग आली, हाडं चढवायला. कोणीतरी जेवणार आहे घरात, एवढ्यावर माणूस उठतो. तू माझे आभार मानत बसतेस. मी कोणाचे मानू?

सून — तुम्ही पाव सोडलात माझ्यामुळे. मला दिसू नये म्हणून.

सासरे — मग आता खाईन.

सून — खरंच खा. मी आणून ठेवलाय. डब्यात आहे, ताजा.

सासरे — बघू. आधी हे सूप संपू दे. तुला तिकडे पीठ मिळेलच, पुस्तकं चिकटवायच्या खळीचं. दिवसभर बोटांना. चाटू नकोस.

मावशी — शी, काय हो.

सून — मासा करपलाय बाबा. एका बाजूने.

सासरे — करपलेली बाजू मला वाढ. चारशेंच्या कॅन्टीनमध्ये ती नेहमी आचाऱ्याची.

सून — नाही. आज मी आचारी, माझी ती. मावशी, तुम्हीही बसा. भांडं मागाहून भरू.

मावशी — बसते बाई. मास्तरांना हाक मारू का? खोकला ऐकू येतोय.

सून — मारा. ताटं मी घेते. बाबा, तुम्ही उठू नका... बाबा, या बरण्या तेवढ्या आवरते. झाकणं लावू?

सासरे — लाव. पण हलक्या हाताने, पोरी. उद्यापासून मला उघडायचीत.