पात्यावरचं नाव

(तळ्याजवळच्या एका गावातलं समाजमंदिर, भर दुपार. कुलदीप वायरमन बटणांपाशी. झाडलोट करणाऱ्या अनुसूयाकाकू हातात केरसुणी घेऊन धावत आल्यात.)

अनुसूयाकाकू : बंद कर! बंद कर आधी तो पंखा, मेल्या!

कुलदीप : अहो, हा तर भन्नाट फिरतोय! आणि कमिटीच्या यादीत 'नादुरुस्त'. सहा वर्षं बटणावर ही चिकटपट्टी कुणी मारली होती?

अनुसूयाकाकू : मी.

कुलदीप : तुम्ही? अहो काकू, लग्नात लोक इथनं खुर्च्या उचलून पलीकडं जातात, घामाघूम होऊन!

अनुसूयाकाकू : जाऊ देत. थांबला का? आता वाच पात्यांवर काय हाय.

कुलदीप : 'कै. हिरामण... अंबाजी... यांच्या स्मरणार्थ.' अरे, काकांचं नाव!

अनुसूयाकाकू : व्हय. मीच दिलेला पंखा. फिराया लागला की नाव दिसत न्हाय रे. नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं न्हाय, आमच्यात घेत न्हायत. फोटोबी न्हाय घरात. म्हनून झाडून झालं की हितं बसते आनि वर बघते. तेवढीच अक्षरं वाचाया शिकले मी. आनि तू तीच काढाया आलास.

कुलदीप : एकट्या तुमचा नाही, बाराही पंखे बदलायचेत. वर सोलर बसलाय ना! हे जुने ऐंशी वॅट खातात, नवे तीसच. तेवढा कोळसा कमी जळणार, तेवढा धूर कमी. आणि सगळ्यांच्या नावांची एक पाटी लावणार आहेत, दारापाशी.

अनुसूयाकाकू : दारापाशी चपला असत्यात. आनि धूर म्हनं! चुलीपाशी जन्म गेला आमचा, तवा न्हाय आलं कोन धूर मोजाया.

कुलदीप : खरंय तुमचं. पण वादळानं घरांचे पत्रे उडाले, तेव्हा अख्खं गाव इथं राहायला होतं, आठवतं? कित्येक दिवस लाइट नाही. माझी पोरगी चार महिन्यांची, उकाड्यानं कासावीस झाली होती. तुम्हीच तिला पदरानं वारा घातलात. आता बॅटरी आलीय, पण जुन्या पंख्यांना ती पुरायची नाही.

अनुसूयाकाकू : घातला खरा. ह्यांनाबी तसाच घातला व्हता शेवटाला. दमा ना! 'वारा घाल गं, वारा घाल' करीतच गेले. म्हनून तर पंखा दिला, कुनाला तरी वारा लागंल.

कुलदीप : मग... लागला का, काकू?

अनुसूयाकाकू : ...न्हाय रे बाबा. सहा वर्सांत कुनालाच न्हाय. मीच लागू दिला न्हाय.

कुलदीप : अहो, रडताय काय! थांबा, तिन्ही पाती काढून तुम्हालाच देतो. कमिटीचं मी बघतो.

अनुसूयाकाकू : हळू काढ. रंगाचा पोपडा निघंल. आनि नवा लगेच लाव तिथं, जराबी वेळ घालवू नको.

कुलदीप : नव्यावर पेंटरकडनं नाव घालून घेऊ?

अनुसूयाकाकू : नको. फिरू दे त्याला.

कुलदीप : मग बसणाऱ्याला कळणार कसं, वारा कुणाचा ते?

अनुसूयाकाकू : मी सांगन की. नाव घेऊन.